लागलं का?

सुई हिरडीला टेकायच्या आतच त्याने डॉक्टरबाईंचं मनगट धरलं आणि दोनदा दाबलं. बाई दचकून मागे सरकल्या. नर्सबाईंच्या हातातला ट्रे खणखणला.

"अहो, काय करताय! अजून टोचलंसुद्धा नाही मी," डॉक्टरबाई मास्कच्या आतून म्हणाल्या.

"माफ करा. सवयीने झालं."

"दात काढून घ्यायची सवय आहे तुम्हाला?" आता त्या हसल्या. "हे बघा, दुखलं की डावा हात वर करायचा. मी त्या क्षणी थांबेन. पण माझा हात धरायचा नाही. माझा हात धरलात तर शेजारचा चांगला दात निघेल."

त्याने मान हलवली आणि पुन्हा आ वासला. नर्सबाई मात्र एक पाऊल लांबच उभ्या राहिल्या. त्यांचंही चुकत नव्हतं. तो आल्या आल्याच त्यांनी त्याला ओळखून "अगं बाई, तुम्ही!" म्हणत गळ्याला हात लावला होता. ज्या हाताने आत्ता मनगट धरलं, त्या हाताने पडद्यावर किती गळे आवळले त्याची गणती त्याने केव्हाच सोडली होती. तो राहत होता त्या इमारतीतली पोरं त्याला तोंडावर 'खुनीकाका' म्हणायची. "खुनीकाका, लिफ्ट थांबवा ना!" आणि खुनीकाका दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या सांभाळत पायाने लिफ्टचं दार अडवून धरायचा. त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. आत्ता वाटलं ते वेगळंच. सवयीने झालं, असं तो म्हणाला खरा, पण ती सवय त्याची नव्हतीच. मनगट त्याचं असायचं. ते दाबणारा हात असायचा पैलवानाचा. दुसऱ्याची सवय आपल्या हातात कधी येऊन बसली, हे त्याला कळेना, आणि सुई टोचली ती त्याच्या लक्षातही आली नाही.

पैलवान म्हणजे नावाचाच पैलवान. फुंकर मारली तर उडेल असा माणूस. बाहेर वाट बघणाऱ्यांच्या खोलीत तो बसला होता, कारण दात काढून घ्यायला एकट्याने जायची खुनीकाकाची छाती झाली नव्हती. इतकी वर्षं पडद्यावर हा मारत आला होता आणि पैलवान मार खात आला होता. कधी हमाल म्हणून, कधी कारकून, कधी गुपित फोडायच्या बेतात असलेला पहारेकरी म्हणून. त्याला कधी नाव नसायचं. यादीत शेवटी 'हमाल', 'कारकून' एवढंच. पण मारामारी शिकवणारे मास्तर आपल्या माणसांना सांगायचे, मार खाणं बघायचं असेल तर याचं बघा. त्याच मास्तरांनी दोघांनाही पहिल्यांदा एकमेकांसमोर उभं केलं होतं, एका गोदामात, जमिनीवर जुन्या गाद्या टाकून. हा तेव्हा तरणाबांड, हात शिवशिवत असलेला. मास्तर म्हणाले, "धर त्याची कॉलर. आता मारू नकोस. तो तुझं मनगट धरील. बघणाऱ्याला वाटेल गयावया करतोय. तो दोनदा दाबील तेव्हा मार. नाही दाबलं तर नाही मारायचं. दिवसभर नाही दाबलं तर दिवसभर तसाच उभा राहा." याने विचारलं होतं, "पण मारणारा मी ना?" मास्तर म्हणाले, "कोण म्हणालं? सीन त्याचा आहे. तू फक्त हात उसना दिलायस." मग पैलवानाने त्याचं मनगट धरलं. ती हडकुळी, कोरडी बोटं, आणि त्यांची ती घट्ट, शांत पकड. एकदा. दोनदा. याचा हात सुटला, पैलवान गादीवर असा काही कोसळला की मास्तरांच्याही तोंडून आवाज निघाला. हा घाबरून खाली वाकला. "लागलं का?" पैलवानाने एक डोळा उघडला. "आवाजच जास्त आला," तो म्हणाला.

तेव्हापासून हाच रिवाज पडला होता. कॅमेरा थांबला की याने वाकून विचारायचं, लागलं का? त्याने एक डोळा उघडून म्हणायचं, आवाजच जास्त आला. कधी साखरेच्या पाकाचं लाल रक्त त्याच्या कानात गेलेलं असायचं, त्याच्या भोवती मुंग्या जमायच्या, तरी उत्तर तेच. खरं तर कधीकधी लागतही असणार. एवढ्या वर्षांत एखादा गुद्दा इंचभर इकडेतिकडे झाला नसेल असं कसं होईल? पण विचारलं की उत्तर ठरलेलं, आणि ते ऐकल्याशिवाय याला घास गोड लागायचा नाही.

"जड झालं का?" डॉक्टरबाईंनी गालावर बोट टेकवून विचारलं. गाल त्याचा राहिलाच नव्हता. अर्धं तोंड कुणा दुसऱ्याचं आणून शिवल्यासारखं झालं होतं. तो "हं" म्हणाला. दुपारपर्यंत कळवतो, असं त्याने दिग्दर्शकाला सांगितलं होतं आणि आता दुपार झालीच होती. फोन विजारीच्या खिशात, मांडीला टेकून होता. वाजेल, आत्ता वाजेल, असं मांडीलाच वाटत होतं.

दिग्दर्शक पोरगेलासा, गोड बोलणारा. याला 'सर' म्हणायचा, पैलवानाला 'काका'. दोघांनाही एकदमच बोलावून कथा सांगितली होती त्याने. एक भाडोत्री गुंड आणि एक म्हातारा बाप. गुंडाला सिनेमाभर काम होतं, त्याला आई होती, त्याला रडायचं होतं. आजवर त्याच्या कुठल्याच खुन्याला आई नव्हती. आणि बापाला नाव होतं. पैलवानाने ते नाव दोनतीनदा पुटपुटून बघितलं होतं, नवा सदरा अंगाला लावून बघावा तसं. मधोमध तो प्रसंग. स्वयंपाकघर, बाप, गुंड, कॅमेरा न थांबवता एका दमात केलेली मारहाण. पैलवान उठून दिग्दर्शकाचा हात हातात घेऊन म्हणाला होता, "पोरा, या एका सीनसाठी जन्मभर पडत आलो." दुसऱ्या दिवसापासून त्याने दाढी वाढवायला घेतली. ती पांढरी, विरळ दाढी त्याला अजिबात शोभत नव्हती, पण सारखा कुरवाळत बसायचा.

मग दिग्दर्शकाने याला एकट्याला बोलावलं. "सर, काकांना सांगायचं नाही, पण आपण ते खुणेचं वगैरे काढून टाकू. म्हणजे ते देतील खूण, तुम्ही घ्यायची नाही. ते दाबतील तेव्हा थांबायचं. नुसतं बघत राहायचं. मग त्यांना वाटेल विसरले वाटतं, तेव्हा मारायचं. अंगाला लागणार नाही, आतून जाड पट्टे बांधू, डॉक्टर ठेवू. पण मला त्यांच्या डोळ्यांत ते खरं हवंय. ते अभिनयाने येत नाही, सर. आणि ते फक्त तुमच्यासमोर येईल. कारण तुमच्यावर त्यांचा भरवसा आहे." किती गोड बोलला होता. आणि या दोघांच्या जोडीशिवाय हा सिनेमाच करणार नाही, एकजण नसेल तर दुसरी जोडी बघेन, हेही तितक्याच गोडीने. तो "बघतो" म्हणून उठला. पोरगं चूक बोलत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. ते फार चांगलं दिसलं असतं. पैलवानाने मनगट दोनदा दाबलं असतं, मग पुन्हा दाबलं असतं, मग त्याने वर बघितलं असतं. ते बघणं सगळ्या जगाने श्वास रोखून पाहिलं असतं. त्याला ते आत्ताच दिसत होतं, डोळे मिटले तरी.

"आता नुसता दाब जाणवेल," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि घरघर सुरू झाली. आधी दाताचे दोन तुकडे करायचे होते म्हणे. घरघर जबड्यातून कानात, कानातून डोक्याच्या मागे गेली. त्याला वर्गातलं लाकडी बाक आठवलं, आणि ते गुरुजी. गुरुजी हात पुढे करायला लावायचे. छडी वर जायची आणि वरच राहायची. गुरुजी खिडकीबाहेर बघायचे, दुसऱ्या पोराशी बोलायचे, घसा खाकरायचे. तळहात आखडून आखडून दुखायला लागायचा, मग बिचारा आपोआप सैल पडायचा, आणि सैल पडला की छडी. लागण्याचं काही नव्हतं. लागून गेलं की उलट हुश्श व्हायचं. त्या आधीचं जे होतं, ते त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय? सगळ्यांनीच खाल्ल्या होत्या छड्या. गुरुजी काही दुष्ट नव्हते, गाणी छान शिकवायचे.

मागच्याच आठवड्यात टीव्हीवर त्याला चर्चेला बसवलं होतं. सिनेमातली मारामारी आणि समाज. एक मानसशास्त्राच्या बाई म्हणाल्या, पडद्यावरचं बघून पोरं बिघडतात. एक निर्माते म्हणाले, बिघडायचं असतं ते पोथी वाचूनही बिघडतं, आम्ही समाजाला फक्त आरसा दाखवतो. दोघंही तावातावाने बोलत होते आणि दोघांचंही त्याला पटत होतं, ही त्याची जुनीच खोड. मग सूत्रसंचालकाने त्याच्याकडे वळून विचारलं, "इतके खून केलेत, मनाला काही वाटत नाही?" त्याला सांगायचं होतं की मी एवढी माणसं मारली पण एकाच्याही मनाविरुद्ध नाही. सगळ्यांनी आधी दोनदा दाबलं होतं. पण ते तोंडातून येईना. "काम आहे शेवटी," एवढंच म्हणाला. घरी बायको म्हणाली, "शर्ट छान दिसत होता." ती शाळेत गणित शिकवायची, त्याचे सिनेमे बोटांच्या फटीतून बघायची. या भूमिकेचं त्याने तिला सगळं सांगितलं होतं, खुणेचंही. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पैलवानभावजींना सांगितलंस?" "सांगितलं तर तो हो म्हणेल." "मग?" "तो हो म्हणेल, हीच तर भीती आहे ना गं." ती म्हणाली, "तुझं तू ठरव. पण नाही म्हणायचं असलं तर भाषण देऊ नकोस. भाषण द्यायला लागलास की तू शेवटी हो म्हणतोस." वर्षानुवर्षं एका छपराखाली राहणाऱ्या माणसाला माणूस असा पाठ होतो.

घरघर चालूच होती. दुखत नव्हतं. काहीच दुखत नव्हतं. तरी त्याने डावा हात वर केला.

घरघर थांबली. "दुखलं?" डॉक्टरबाईंनी विचारलं. त्याने मान हलवली, नाही. "बरं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा सुरुवात केली. थोड्या वेळाने त्याने पुन्हा हात वर केला. पुन्हा थांबली. त्याच क्षणी, तेवढ्याच तत्परतेने, रागाविना. खोलीत एकदम एवढी शांतता झाली की बाहेरच्या खोलीतलं पैलवानाचं खाकरणं ऐकू आलं. त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं आणि कानाच्या दिशेने ओघळलं.

"आता तरी दुखलं ना?"

मान, नाही.

"मग माझी परीक्षा घेताय होय?" बाई म्हणाल्या. "घ्या. कितीही वेळा हात वर करा, मी थांबणार. फक्त संध्याकाळी माझ्या मुलीच्या शाळेत जायचंय." नर्सबाई इतका वेळ लांब होत्या, त्या पुढे झाल्या आणि त्यांनी कापसाने त्याच्या कानाजवळचं पाणी टिपलं. नंतर त्याने हात वर केला नाही. पोटावर दोन्ही हात ठेवून तो पडून राहिला, आणि दात निघाला तेव्हा त्याला कळलंसुद्धा नाही. ट्रेमध्ये टप्प आवाज झाला तेवढाच.

कापसाचा बोळा दाबून धरायचा, बोलायचं नाही, गरम काही प्यायचं नाही, असं बजावून त्याला बाजूच्या खोलीत खुर्चीत बसवलं. भिंतीवर जबड्याचं मोठं चित्र होतं. आणि फोन वाजला.

"सर, नमस्कार! काय ठरलं मग? होकार धरू ना आपण?" दिग्दर्शकाचा आवाज नेहमीसारखा लाघवी.

या क्षणासाठी त्याने रात्री पडल्या पडल्या कितीतरी वाक्यं रचली होती. कलेबद्दल, विश्वासाबद्दल, मास्तरांबद्दल. एकही वाक्य आता कापसापलीकडे जाण्यासारखं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.

"नाही? म्हणजे... तारखांचा प्रश्न आहे का?"

"नाही."

"त्या टीव्हीवरच्या चर्चेचं मनावर घेतलंत का सर? हिंसाबिंसा?"

"नाही."

"थोडं थांबून बोलूया का? संध्याकाळी येऊ मी घरी?"

"नाही."

माणसाला पटवायचं तर त्याचं काहीतरी म्हणणं लागतं, आणि याच्याकडे आज म्हणणंच नव्हतं, नुसता कापूस होता. "ठीक आहे सर," दिग्दर्शक शेवटी म्हणाला, आणि मग, अगदी सहज, "काकांना काय सांगू?"

याचं उत्तर त्या एका शब्दात बसेना. त्याने बोळा जिभेने बाजूला सारला. "मी सांगतो," तो म्हणाला. फोन बंद झाला.

त्याचा जीव असा भांड्यात पडला की काही विचारू नका. जबड्याचं ते भीषण चित्रसुद्धा त्याला देखणं वाटलं. पंखा, वजनाचं यंत्र, खिडकीत ठेवलेली कुंडी, सगळं जागच्या जागी होतं आणि आता कुणालाच काही होणार नव्हतं. आई असलेला एकमेव खुनी हातचा गेला होता आणि त्याचंही दुःख होईना. हुरहुर पुढे कधीतरी वाटेल, पोस्टर लागेल तेव्हा, दुसऱ्याचा चेहरा त्यावर दिसेल तेव्हा. लोक म्हणतील, बघा, चर्चेला जाऊन सुधारला. म्हणोत बापडे. उद्या चांगला फौजदार किंवा दरोडेखोर आला तर तो आनंदाने करणार होता, पाकाच्या रक्तात लोळणार होता. तो उठला, दार ढकलायला गेला आणि दाराच्या काचेतून त्याला पैलवान दिसला.

मांडीवर जुनं मासिक, त्याकडे लक्ष नाही. पैलवान समोरच्या काळ्या पडलेल्या टीव्हीत स्वतःला बघत होता. दाढीवरून हात फिरवला, मान किंचित कलती केली, खांदे पाडले, आणि बघता बघता तो बाप झाला. नाव असलेला बाप. कुणी बघत नाही असं समजून त्याने ओठ हलवून एक वाक्यही म्हटलं. याचा मघाचा सगळा हलकेपणा गेला. मारलं की आपण. आत्ता, त्या खोलीत, फोनवर. पैलवानाने मनगट धरलंही नव्हतं, दाबलंही नव्हतं, इथे बसून बेसावध दाढी कुरवाळत होता, आणि आपण मोकळे होऊन हुश्श करून आलो. दिग्दर्शकाला जे हवं होतं तेच आपण करून बसलो.

"निघाला का राक्षस?" पैलवान उठला. "तोंड बघ, भोपळा झालाय. बोलू नकोस, बोलू नकोस. मीच बोलतो." तो बोलत राहिला, जिना उतरेपर्यंत, रस्त्यावर येईपर्यंत. शूटिंगच्या आधी दाढीला आकार द्यायचा की अशीच गबाळी ठेवायची, हा त्याला प्रश्न पडला होता. दुपारचा रस्ता, एक माणूस शिडी खांद्यावर घेऊन चाललेला, दुकानांची अर्धी ओढलेली शटरं. कोपऱ्यावर हा थांबला.

"मी नाही म्हटलं," तो कापसातून म्हणाला.

दुसऱ्या कुणाला ते कळलं नसतं. पण पैलवानाने त्याला बुरख्यातून, धुरातून, पाण्यातून ऐकलेलं होतं.

"कशाला नाही म्हटलं?"

"सिनेमाला. आत्ता, फोनवर."

पैलवान दाढीवर हात ठेवून तसाच उभा राहिला. मग याने सगळं सांगितलं, तुटक तुटक, लाळ पुसत. खूण घ्यायची नाही. थांबायचं. तू वर बघशील तोवर थांबायचं. तुला सांगायचं नाही. पैलवान ऐकत होता. शिडीवाला माणूस पुढच्या वळणावर दिसेनासा झाला.

"विचारायचंस मला," पैलवान म्हणाला. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच लागला. "मी हो म्हटलं असतं."

"म्हणून नाही विचारलं."

"नाव होतं रे त्याला." त्याने दुसरीकडे तोंड फिरवलं. "एवढी वर्षं तू कधी खुणेआधी मारलं नाहीस. एकदाही नाही. मी लोकांना सांगायचो. आणि मारलंस ते आज मारलंस."

"हो," तो म्हणाला.

दोघेही उभे राहिले. शेजारच्या दुकानदाराने खुनीकाकाला ओळखून आत कुणालातरी हाक मारली. पैलवान रस्त्याकडे बघत होता. मग, अजून तिकडेच बघत, त्याने हात लांब करून याचं मनगट धरलं. तीच हडकुळी, कोरडी बोटं. धरून ठेवलं बराच वेळ. याला वाटलं, आता सोडेल आणि चालायला लागेल, आपल्या घराच्या दिशेने, एकटाच. तो तसाच उभा राहिला. दिवसभर उभं राहायची त्याची तयारी होती.

एकदा दाबलं. मग दुसऱ्यांदा.

"खूण उशिरा दिली," पैलवान म्हणाला. "पण दिली. आता विचार की."

"काय?"

"नेहमीचं. विसरलास एवढ्यात?"

त्याने बोळा थुंकून रुमालात घेतला. सुजलेल्या, परक्या ओठांनी तो शब्द एकेक करून जुळवू लागला आणि ते जुळेपर्यंत पैलवानाने आपले ओले डोळे बाहीला पुसून एक मिटून घेतला, दुसरा उघडा ठेवला.

"लागलं का?"

"लागलं," पैलवान म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला. आणि मग त्या विरळ, न शोभणाऱ्या दाढीतून हसू हळूहळू वर आलं. "पण चल. आधी ही दाढी काढून येऊ. चार दिवसांपासून मरणाची खाज सुटलीये."